हा ब्रॅकेट कोणी लावला? : घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारचा धडा

गोष्ट गेल्या वर्षीची. आमच्या टीमची स्पर्धेची गाडी कॉलेजच्या मागच्या मैदानात पहिल्यांदा पळत होती. गाडीत माझा रूममेट बसला होता. तिसऱ्या फेरीला पुढचं डावं चाक अचानक आत वळलं आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घुसली. पट्टा आणि हेल्मेट होतं म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं.

स्टिअरिंगचा टाय रॉड जिथे बसतो तो ब्रॅकेट वाकून फाटला होता. वर्कशॉपचे सर आले, त्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "हा ब्रॅकेट कोणी लावला?"

आम्ही अकरा जण उभे होतो. कोणी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर कोणालाच नक्की आठवत नव्हतं. ड्रॉइंगमध्ये ब्रॅकेट दोन पत्र्यांचा होता, बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक. स्पर्धा तोंडावर आली, जागा पुरेना, म्हणून कोणीतरी रात्री एकच पत्रा वेल्ड करून टाकला. बोल्टला एका बाजूचाच आधार राहिला. हा फरक 'मशिन डिझाइन'च्या पेपरात आम्ही सगळ्यांनी लिहिला होता आणि मार्कही घेतले होते!

त्यानंतर मला एक प्रश्न सतावू लागला. आम्ही अकरा जण, सर, वर्कशॉप, सगळं असून ही तऱ्हा. मग जी माणसं घरच्या गॅरेजमध्ये, नोकरी सांभाळून, एकट्याने अख्खी गाडी बांधतात आणि त्यातच बसून रस्त्यावर जातात, ती हे कसं सांभाळतात? अशी पुष्कळ माणसं सापडतात ब्रिटनमध्ये. म्हणून त्यांच्या गाडीचा थोडा अभ्यास केला. तो तुमच्यापुढे ठेवतो आहे.

करातून पळवाट, पळवाटेतून गाडी

1957 साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 'सेव्हन' नावाची छोटी दोन सीटची गाडी बाजारात आणली. चॅपमन शिकला होता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, आणि विषय होता स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग. (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) गाडीत दार नाही, काच जेमतेम, छत म्हणाल तर ताडपत्री. फक्त नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद.

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर 'परचेस टॅक्स' होता, सुट्या भागांवर मात्र नव्हता. म्हणून सेव्हन खोक्यांमध्ये भरून 'किट' म्हणूनही विकली जायची आणि गिऱ्हाईक ती घरी जोडायचं. एक किस्सा नेहमी सांगतात. किटबरोबर 'जोडण्याच्या सूचना' द्यायला बंदी होती, म्हणून कंपनीने 'गाडी सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या!

1973 साली ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि परचेस टॅक्स गेला. किटची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीला दिले. केटरहॅम ती गाडी आजही बनवते, आणि आजही ती सुट्या भागांत मिळू शकते. म्हणजे बघा, कर वाचवण्याचं कारण संपलं तरी घरी गाडी बांधण्याची हौस संपली नाही.

पण किटलाही पैसे लागतात. 1996 साली रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. 'अवघ्या 250 पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा' अशा अर्थाचं त्याचं नाव. चॅम्पियन यांनी सांगितलं की किटसुद्धा विकत घेऊ नका. सांगाडा घरीच वेल्ड करा आणि बाकीचं सगळं एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढा. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, सगळं. अशा गाडीला 'लोकॉस्ट' म्हणू लागले, म्हणजे लोटस आणि लो कॉस्ट एकत्र. ज्या गाडीचे अवयव काढायचे ती 'डोनर कार'. पुढे जुन्या एस्कॉर्ट मिळेनाशा झाल्या, तेव्हा फोर्ड सिएरा आणि माझदा एमएक्स-5 डोनर झाल्या.

बुटांचा खोका आणि खराट्याच्या काड्या

आता मुद्द्याचं. लोकॉस्टचा सांगाडा मुख्यतः 25 मिमी चौकोनी नळीचा असतो, जाडी 1.6 मिमी. अशा नळीचं वजन मीटरला सुमारे 1.2 किलो. हातात घेतली तर वाटतं, यावर इंजिन आणि दोन माणसं? शक्यच नाही!

एक साधा हिशेब करू. एक मीटर नळीचं एक टोक भिंतीत पक्कं केलं आणि दुसऱ्या टोकाला 100 किलो वजन लटकवलं. वाकण्यामुळे मुळाशी येणारा ताण सुमारे 900 मेगापास्कल. माइल्ड स्टील साधारण 250 लाच कायमचं वाकतं. म्हणजे नळी गेली. आता तीच नळी छताला उभी टांगली आणि खाली तेच 100 किलो लावले. ताण किती? जेमतेम साडेसहा मेगापास्कल. नळी तीच, वजन तेच, फरक शंभराहून जास्त पटीचा.

थोडक्यात, नळीला ओढा किंवा दाबा, पण वाकवू नका. आणि हे साधायचं साधन म्हणजे त्रिकोण.

विश्वास नसेल तर रूमवरच करून बघा. खराट्याच्या चार काड्यांचा चौकोन करा, कोपऱ्यांत टाचण्या खोचा. बोटाने ढकललं की चौकोन कलंडतो. आता एक तिरपी काडी लावा. जागचा हलणार नाही. पाचव्या काडीने जादू केली नाही. तिने बाकीच्या काड्यांवरचं वाकण्याचं काम काढून ओढण्या-दाबण्याचं काम दिलं, एवढंच.

दुसरा प्रयोग. बुटांचा खोका घ्या, झाकण काढा आणि दोन्ही टोकं धरून पिळा. ओल्या टॉवेलसारखा पिळला जातो. आता झाकण लावून चारही बाजूंनी सेलोटेप मारा आणि परत पिळा. फरक हातालाच कळेल.

स्पोर्ट्‌स कारची अडचण नेमकी इथेच आहे. तिच्या खोक्याला झाकण लावता येत नाही, कारण तिथे माणूस बसतो. इंजिनच्या जागीही वरून तिरपी नळी टाकता येत नाही, कारण उद्या इंजिन बाहेर काढायचं असतं. म्हणून बाजूच्या जाळ्या, मधला बोगदा आणि खालचा पत्रा यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

सांगाडा पिळला गेला तर बिघडतं काय? पुढे एक स्प्रिंग, मागे एक स्प्रिंग, आणि सांगाडाच ढिला असेल तर तो मधली तिसरी स्प्रिंग होतो. मग तुम्ही कितीही महागडे शॉक ॲब्सॉर्बर लावा, गाडी वळणावर काय करेल याचा नेम नाही. म्हणून अनुभवी बांधणारे आधी सांगाडा बघतात, इंजिन नंतर.

फळी, गुण्या आणि दोरी

सांगाडा बांधायला काय लागतं? आपल्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी जे वापरतो तेच. एक मोठी सपाट फळी. तिच्यावर खऱ्या मापाचं ड्रॉइंग काढायचं आणि लाकडाचे ठोकळे ठोकून नळ्या जागेवर धरायच्या. मग गुण्या, फूटपट्टी, कानस आणि वेल्डिंग मशिन.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकदम पूर्ण वेल्ड करायचं नाही. आधी सगळीकडे फक्त टॅक. मग दोरीने किंवा टेपने कर्ण मोजायचे. आयताचे दोन कर्ण सारखे आले म्हणजे कोन काटकोनात आहेत. (सातवीतली भूमिती. तेव्हा आपण विचारायचो, याचा उपयोग काय!) फरक आला तर टॅक कापून सुधारता येतं, पूर्ण वेल्ड झाल्यावर नाही. वेल्ड थंड होताना आकसतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. म्हणून एक सांधा इकडे, पुढचा समोरच्या बाजूला, असं आलटून पालटून जायचं.

सस्पेन्शनचे ब्रॅकेट मात्र सगळ्यात शेवटी, आणि मोजून. बोल्ट दोन पत्र्यांच्या मध्ये असला की भार दोघांत वाटला जातो. एकाच पत्र्यावर असला की बोल्टही वाकतो आणि पत्राही. आमचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

वजनाचं गणित

एवढा खटाटोप कशासाठी? कारण हलकी गाडी. समजा, लोकॉस्टचं वजन 550 किलो आणि इंजिन 100 हॉर्सपॉवर. 75 किलोचा ड्रायव्हर धरून एका टनाला 160 हॉर्सपॉवर पडले. तेच इंजिन 1200 किलोच्या कारमध्ये टाकलं तर टनाला फक्त 78. त्या कारला बरोबरी करायची तर 204 हॉर्सपॉवरचं इंजिन लागेल.

आणि खरी गंमत पुढे आहे. मोठं इंजिन गाडीला फक्त पळवतं. कमी वजन पळवतं, थांबवतं आणि वळवतंही. टायरला कमी काम, ब्रेकला कमी काम, पेट्रोलही कमी.

एका बदलामागे चार बदल

आता मॉडिफिकेशनकडे येऊ. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बघा, प्रत्येक दुसऱ्या बाइकवर काहीतरी 'मॉडिफाय' केलेलं आहे. आपण एक पार्ट बदलतो आणि म्हणतो, झालं. पण गाडीत एक पार्ट बदलणं म्हणजे मेसमध्ये एकाने जागा बदलण्यासारखं आहे, अख्खी रांग हलते.

पहिलं उदाहरण स्टिअरिंगचं. डोनर कारचा स्टिअरिंग रॅक तिच्या स्वतःच्या सस्पेन्शनसाठी बनवलेला असतो. तो नव्या गाडीत बसवला, आणि रॅकची लांबी किंवा उंची पुढच्या विशबोनच्या मापाशी जुळली नाही, तर चाक वर-खाली होताना टाय रॉड वेगळ्या वर्तुळात फिरतो आणि विशबोन वेगळ्या. परिणाम असा की खड्ड्यात गेलं की तुम्ही स्टिअरिंग न फिरवताही चाक वळतं. याला 'बंप स्टिअर' म्हणतात. गॅरेजमध्ये उभी असताना गाडी अगदी सरळ दिसते! म्हणून स्प्रिंग काढून, चाक हाताने वर-खाली करून, ते किती वळतं ते मोजावं लागतं.

दुसरं उदाहरण ब्रेकचं. हे नीट वाचा, व्हायव्हालाही उपयोगी पडेल.

ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. किती सरकतं याचं सूत्र सोपं आहे. गाडीचं वजन गुणिले ब्रेकिंग (जी मध्ये) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. आपल्या 625 किलोच्या गाडीची उंची 0.45 मीटर आणि चाकांमधलं अंतर 2.3 मीटर धरू. उभ्या गाडीत वजन पुढे-मागे निम्मं निम्मं आहे असं समजू.

ओल्या रस्त्यावर साधारण 0.4 जी ब्रेकिंग मिळालं तर 49 किलो पुढे सरकतात. चाकांवरची वाटणी पुढे 58 टक्के, मागे 42. कोरड्या रस्त्यावर 0.8 जी मिळालं तर 98 किलो सरकतात. वाटणी पुढे 66, मागे 34.

आता समजा तुम्ही हौसेने मागे मोठे डिस्क ब्रेक बसवले आणि ब्रेकच्या जोराची वाटणी झाली पुढे 62, मागे 38. पावसात टेस्ट घेतली. पुढे वजन 58 टक्के आणि ब्रेक 62 टक्के, म्हणजे पुढची चाकं आधी लॉक होणार. गाडी सरळ घसरत जाते, पण निदान सरळ जाते. तुम्ही म्हणता, छान, ब्रेक पास! मग ऊन पडलं. कोरडा रस्ता, जोरात ब्रेक. आता मागे वजन उरलं 34 टक्के आणि ब्रेक आहे 38 टक्के. मागची चाकं आधी लॉक. आणि मागची चाकं आधी लॉक झाली की गाडीची शेपूट पुढे यायला बघते. गाडी गरकन फिरते.

म्हणजे जी चूक पावसात लपून बसली, ती उन्हात, जास्त वेगात बाहेर आली. ब्रेक खराब नव्हते. उलट आधीपेक्षा मोठे होते! बदल करणाऱ्याने फक्त अर्धंच गणित केलं होतं.

तपासनीस काय बघतो?

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. 1998 पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. आधी तिला एसव्हीए म्हणत, 2009 पासून आयव्हीए. पास झाल्यावरच नंबर मिळतो.

तपासनीस ब्रेक बघतो. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत, नेमकं वरचंच गणित. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं का, आवाज मर्यादेत आहे का, हे बघतो. गाडीच्या बाहेरून 100 मिमी व्यासाचा गोळा फिरवला तर तो जिथे जिथे टेकेल तिथली कड किमान 2.5 मिमी त्रिज्येची गोल हवी. कारण तिथे उद्या एखाद्या पादचाऱ्याचा गुडघा टेकणार आहे. बांधणारे आठवडेच्या आठवडे कानस घेऊन बसतात ते यासाठी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गाडी खरोखर स्वतः बांधली हे दाखवायला बांधणीचे फोटो आणि सामानाच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. सांगाडा फळीवर असतानाचा फोटो, ॲक्सल बसवतानाचा फोटो, सगळं. म्हणजे "हा ब्रॅकेट कोणी लावला?" असं विचारायची वेळच येत नाही. उत्तर फाइलमध्ये असतं, आणि ते उत्तर असतं 'मी'.

आणि आपण?

इथे एक स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी सुट्टीत गावाकडे जाऊन जुन्या जीपवर करवत चालवायचा. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीचा नमुना आधी एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ही वाट कारखानदारांसाठी आहे. नोंदणी झालेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. तेव्हा लोकॉस्ट बांधून कॉलेज रोडवर फिरवायचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवा.

पण शिकायला कोणी अडवलेलं नाही. बाहा एसएईइंडिया 2007 पासून चालू आहे. सुप्रा आहे, फॉर्म्युला भारत आहे. तिथेही नळ्या, वेल्ड, ब्रॅकेट, ब्रेकची वाटणी, सगळं तेच. आणि ज्याला टीममध्ये जागा मिळाली नाही त्याच्यासाठी खराट्याच्या काड्या आणि बुटांचा खोका आहेच. खर्च शून्य!

आमच्या टीमने त्या दिवसानंतर एक दोनशेपानी वही आणली. गाडीवरचा प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट, ड्रॉइंगपेक्षा केलेला प्रत्येक बदल तिच्यात लिहायचा. काय केलं, का केलं, त्यामुळे दुसरं काय बदललं, कोणी तपासलं, आणि खाली करणाऱ्याची सही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कंटाळा आला. मग लक्षात आलं की सही करायच्या आधी प्रत्येक जण एकदा परत जाऊन बोल्ट हलवून बघतोय.

यंदा गाडी पुन्हा मैदानात उतरली तेव्हा ड्रायव्हर तोच, माझा रूममेट. पुढच्या डाव्या ब्रॅकेटला आता दोन पत्रे आहेत. बसण्याआधी त्याने वही उघडून ते पान बघितलं. सही माझी होती. मग तो हेल्मेट घालून गाडीत बसला.